भूल उतरायच्या आत

बालाजीच्या यात्रेत मी भाजीची पाटी पुढे घेऊन बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. खालचं गोणपाट ओलं झालं होतं, लुगडं ओलं झालं होतं, आणि चारी बाजूंनी माणसं होती. देऊळगाव राजाला यात्रेच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. गिऱ्हाईक वांगी निवडत होतं, मी बसल्या जागेवरून तोलून देत होते. ओटीपोटातून कळ उठली की तराजूची दांडी हातात हलायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई मापात मारते.

दुपार कलताना सासूबाई मेथीच्या जुड्या घेऊन मळ्यातून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांनी ओझं उतरवलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"सकाळपासून."

"आजचं नाई इचारत मी. हे असं कवापासून हाय?"

 दोन वर्षं होत आली होती. आत्याबाईंनी खांद्यावरची घोंगडी माझ्याभोवती गुंडाळली, पाटी शेजारच्या बाईच्या हवाली केली आणि माझ्या पाठीला अंग लागेल इतक्या जवळून मागे चालत मला घरी आणलं. यात्रेचे दिवस, बालाजीची पालखी, आणि सून अशी भर बाजारात बसलेली. विटाळाच्या बाबतीत फार कडक असलेल्या त्या बाईने वाटेत त्याचा एक शब्दही काढला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

महाराष्ट्र राज्य होऊन त्या वेळी चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा मळा गावाला लागून होता. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर निघायची आणि घरातल्या बायकाच बाजारात बसायच्या. लग्नानंतर मला एकदा दिवस राहिले होते, ते तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर पाळी बिघडली. आधी अंगावरून जास्त जायला लागलं, मग दिवस वाढले, मग मधल्या दिवसांतही जाऊ लागलं. कळ अशी यायची की मी विहिरीच्या कठड्याला पोट दाबून उभी राहायची.

हे कुणाला कळलं कसं नाही, असं आता लेक विचारते. कळणार कसं? आम्ही बाहेर बसायचो. त्या दिवसांत बाईकडे कुणी बघत नसे, तिच्या कपड्यांकडे तर नाहीच. ते धुवायचे, वाळवायचे, लपवायचे तिचे तिने. आणि मधल्या दिवसांतलं सांगितलं तर महिन्यातून अर्धा वेळ बाहेरच बसावं लागलं असतं. मग मळ्यातलं, बाजाराचं कोण करणार? म्हणून मी सांगितलंच नाही.

यात्रा संपल्यावर माझे मालक मला जालन्याला घेऊन गेले. ते उंच, कमी बोलणारे. गाडीत खिडकीची जागा मला दिली आणि स्वतः उभे राहिले. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला बाहेर बसायला सांगून मालकांशी बोलले. बाई चार महिन्यांची गरोदर असावी एवढी गर्भपिशवी वाढली आहे, आत गाठ असणार, पिशवी काढून टाकली की बाई ठणठणीत होईल. मालकांनी मला हे येताना गाडीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत.  आमच्याच आळीत एकाने मूल होत नाही म्हणून दुसरी आणली होती. पहिली गोठ्यातलं करायची. मला दिसत होतं ते तेवढंच.

संध्याकाळी मी आणि आत्याबाई मेथीच्या जुड्या बांधत होतो. त्या आपणहून बोलल्या.

"काढून टाकू. लेकरू नाई झालं तरी चालते मले. तू गेली तं कोन आनून देईन?"

 दुसऱ्या बाईचं त्यांच्या तोंडून येईल म्हणून मी मन घट्ट करून बसले होते, आणि त्या भलतंच बोलत होत्या. मग त्यांनी मला नणंदेचं सांगितलं. मी या घरात येण्याआधी गेलेली माझी थोरली नणंद. तिचं पहिलंच बाळंतपण होतं. मूल झालं आणि रक्त थांबलं नाही. आत्याबाई तिच्या उशाशी होत्या. सांगताना त्यांचे हात जुड्या बांधतच होते.

एवढं ऐकूनही मला पिशवी ठेवायची होती. का, ते मला तेव्हा नीट मांडता आलं नसतं. लेकरासाठी हे तर होतंच. पण ज्या गोष्टीने मला दोन वर्षं पिळून काढलं तिच्याबद्दल मला माया होती असंही नाही. मला एवढंच वाटत होतं की ती माझी आहे, आणि तिच्याविषयी सगळे बोलून राहिले आहेत, मी सोडून.

भाऊबिजेला माझा थोरला भाऊ आला. तो बुलढाण्याला कोर्टात नोकरीला होता. त्याने सांगितलं की तिथे एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्यांनी त्याच्या साहेबांच्या बहिणीची गाठ काढली आणि पिशवी ठेवली. आत्याबाईंना हे पटलं नाही. गाठ काढायची तर मुळासकट, असं त्यांचं म्हणणं. मालक बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "दाखवून तं पाहू."

चिखलीला गाडी बदलून आम्ही बुलढाण्याला गेलो. थंडी सुरू झाली होती. वर पठारावरचा वारा अंगात शिरत होता आणि माझ्या अंगात त्याला तोंड द्यायला रक्तच नव्हतं. डॉक्टरीणबाई पन्नाशीकडे झुकलेल्या, बारीक चणीच्या, आवाज हळू. मालक बोलायला लागले तसं त्यांनी हाताने थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तू सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते सगळं ऐकून घेतलं.

त्यांनी तपासलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली. म्हणाल्या, गाठ असेल तर गाठ काढेन आणि पिशवी ठेवेन. पण आत्ता हात लावला तर टेबलावरच जाशील, आधी रक्त भरून येऊ दे. म्हणून मी भावाच्या खोलीवर राहिले. लोहाची इंजेक्शनं घेतली, दंडावर गाठी आल्या. मालक मळा बघून जाऊन-येऊन करत. ऑपरेशनला लागेल म्हणून दोघांचंही रक्त तपासलं. मालकांचं जुळलं नाही, भावाचं जुळलं. मालकांना त्याचं इतकं वाईट वाटलं की ते दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ एकटेच बसून राहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, पिशवी ठेवाल असा शब्द द्या.

"शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. "पोट उघडल्यावर आत जे दिसेल ते खरं. पण तुला न विचारता काढायची नाही, असा प्रयत्न करीन. जमलं तर."

तेव्हा मला वाटलं, पोट फाडलेलं असताना मला विचारणार कसं? दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी मला झोपवलं नाही. कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून पाठीत सुई दिली. पायांत आधी ऊब आली, मग पाय माझे राहिलेच नाहीत. छातीवर आडवा कपडा बांधला. पलीकडे डॉक्टरीणबाई, त्यांच्या मदतीला एक सिस्टर. अलीकडे, माझ्या डोक्याशी, एक तरुण डॉक्टर माझ्या मनगटावर बोटं ठेवून. भावाच्या रक्ताची बाटली टांगलेली होती. ते रक्त थेंब थेंब माझ्या हातात उतरत होतं.

दुखत नव्हतं. आत कुणीतरी काहीतरी ओढतंय, हलवतंय एवढं कळत होतं, पेटीतलं सामान खालीवर करावं तसं. डॉक्टरीणबाई सिस्टरला एकेक वस्तू मागत होत्या. मग मागणं थांबलं.

  मला माझाच श्वास ऐकू येत होता.

"गाठ नाहीये," शेवटी त्या म्हणाल्या, मला नव्हे, त्या तरुण डॉक्टरांना. "बघा, वेगळी होतच नाही. सगळी भिंतच आहे."

मग त्या कपड्याच्या अलीकडे आल्या. हात रक्ताने माखलेले, ते छातीशी वर धरलेले. तोंडावर फडकं होतं, त्यामुळे मला फक्त डोळे दिसत होते.

"ऐकतेस ना? तुझ्या पिशवीत गाठ नाही. गाठ असती तर आंब्यातली कोय काढावी तशी काढली असती. तुझ्या पिशवीचं आतलं अस्तर भिंतीत शिरलंय, कणकेत मीठ मिसळावं तसं. दर महिन्याला ते भिंतीतच रक्त टाकतं, म्हणून तुला दुखतं. अशा वेळी पिशवी काढतात. मीही काढते."

 मी ओठांवरून जीभ फिरवली.

"दुसरा रस्ता आहे. मागच्या भिंतीत ते जास्त आहे. तेवढा भाग फोडीसारखा कापून काढायचा आणि राहिलेलं शिवायचं. असं मी फार केलेलं नाही. रक्त खूप जाईल. आवरलं नाही तर मला पिशवी काढावीच लागेल, आणि तेव्हा तुला विचारायला मी येणार नाही."

त्यांनी घरच्यांना विचारायला सिस्टरला बाहेर पाठवलं. बाहेर मालक होते, भाऊ होता, आणि सकाळच्या गाडीने आलेल्या आत्याबाई होत्या. दार उघडलं, बंद झालं. डॉक्टरीणबाई परत पलीकडे गेल्या आणि काहीतरी दाबून धरून उभ्या राहिल्या. तरुण डॉक्टर बाटलीकडे बघत होते. ती अर्ध्याच्या खाली आली होती. सुईची भूल किती टिकते ते त्यांनी मला आधी सांगितलं होतं, आणि आता ते घड्याळाकडे वळून वळून पाहत होते.

सिस्टर आली. दारातूनच म्हणाली, "ते म्हणतात काढून टाका. आमचं माणूस वाचवा म्हणतात."

मला माहीत होतं तो आवाज कुणाचा असणार. मालकांनी आईकडे पाहिलं असणार आणि आत्याबाई बोलल्या असणार.

"बाहेरचे असं म्हणतात," डॉक्टरीणबाई कपड्यापलीकडून म्हणाल्या. "आता तू सांग. वेळ नाही."

माझ्या डोळ्यांपुढे नणंद आली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी आली. मला मरायचं नव्हतं. मेथीच्या जुड्या बांधणारे ते हात आठवले आणि वाटलं, म्हणावं काढा, संपवावं.

"ठेवा," मी म्हटलं.

"मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"ठेवा. नाई आवरलं तं काढा. पन आधी ठेवून पाहा."

पुढचं सगळं भराभर झालं. त्यांनी रबरी नळी मागितली आणि पिशवीच्या मुळाशी करकचून बांधली, रक्त अडवायला. मग कापलं. मला तो आवाज ऐकू आला. बाहेर काढलेला तुकडा सिस्टरने तसराळ्यात टाकला तेव्हा थप्प असं वाजलं. तरुण डॉक्टरांनी दुसरी बाटली लावायला सांगितली. ती भावाच्या दोस्ताची होती, आणि त्यानंतर तिसरी नव्हती. डॉक्टरीणबाई शिवत होत्या. एक थर, त्यावर दुसरा. "ओढ. धर. काप." एवढंच बोलणं.

आणि मग माझ्या उजव्या पायाचा अंगठा मला परत मिळाला.

आधी मुंग्या आल्या. मग घोटा जागा झाला. मी दात आवळले. सांगितलं तर त्या घाई करतील, आणि घाई केली तर शिवणं सोडून काढायला लागतील, असं माझ्या मनाने घेतलं. पण तरुण डॉक्टरांची बोटं मनगटावर होती. "नाडी पळायला लागली," ते म्हणाले. "भूल उतरतेय बहुतेक."

"आणखी थोडं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग, "आता सोडते नळी."

कुणी हललं नाही. नळी सोडली की रक्त परत पिशवीत येणार आणि टाके धरतात की नाही ते कळणार, हे मलाही समजलं होतं. मी छताकडे पाहत होते. तिथे ओल आलेली होती.

"फडकं द्या. दुसरं. आणखी एक. दाबा."

दाबून धरलं होतं ते मला आता कळत होतं, दुखत होतं. मी अजी, अजी म्हणून मालकांना हाक मारत होते म्हणे. मला ते आठवत नाही. मला आठवतो तो डॉक्टरीणबाईंचा हळू आवाज, "थांबलं." नंतर झोपवायला नाकावर उग्र वासाची जाळी ठेवली आणि पोट शिवलेलं मला कळलंच नाही.

शुद्ध आली तेव्हा खाटेशी आत्याबाई होत्या. त्यांनी ओल्या फडक्याने माझे ओठ पुसले. माझ्याशी बोलल्या नाहीत. मालकांनी हळूच सांगितलं, "ठेवली हाय." एवढं बोलून ते बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून ताप चढला. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येत, पोट हाताने चाचपून जात. आत टाक्यांत पू झाला तर पुन्हा उघडावं लागेल, असं सिस्टर दुसऱ्या सिस्टरला म्हणाली, ते मी ऐकलं. आत्याबाई मला चमच्याने पेज भरवत, अंग पुसत, खालचे कपडे बदलत. ते रक्ताचे कपडे त्या स्वतः धूत होत्या. विटाळाचं नाव नाही. पण माझ्याशी बोलणं नाही. त्यांचा हात कपाळावर आला की मला रडू यायचं आणि मी तोंड वळवायची.

ताप उतरला त्या दिवशी त्या बोलल्या. मी पेज पिऊन पडले होते.

"आमी काढा म्हनलो. तू ठेवा म्हनली."

"हाव, आत्याबाई."

"म्या तिथं बसून आपल्या थोरल्या पोरीलेच पाहून राह्यली होती. दार उघडलं का मले वाटे, आता सांगतीन." त्यांनी माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "तिले कोनं काई इचारलंच नोतं. इचारासारखंच नोतं काई. तुले इचारलं. आता तू सांगतलं तं सांगतलं."

त्यांनी भांडं उचललं आणि विसळायला गेल्या. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं. रोग सगळा निघालेला नाही, तो सगळा निघत नसतो. त्रास कमी होईल, काही वर्षांनी परत येऊही शकतो. दोन वर्षं दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि राहिले तर कळा सुरू व्हायची वाट बघायची नाही, त्याआधीच बुलढाण्याला यायचं. कळांनी ती शिवण उसवली तर आई आणि मूल दोन्ही हाताला लागत नाहीत.

पाळी खरंच कमी झाली. पहिल्या महिन्यात चौथ्या दिवशी थांबली तेव्हा मी विश्वास न बसून दोन दिवस जास्तच बाहेर बसले. कळ यायची, पण कठड्याला पोट दाबावं लागेल अशी नाही. मी परत बाजारात बसायला लागले.

तिसऱ्या वर्षी दिवस राहिले. घरात आनंद कुणी बोलून दाखवला नाही, सगळे घाबरलेले. सातवा संपता संपता मला भावाकडे नेऊन ठेवलं, आत्याबाई सोबत राहिल्या. मी कुशीवर वळले तरी त्या विचारत, "काऊन? दुखते?" डॉक्टरीणबाईंनी वार ठरवून दिला होता. त्याच्या आधीच, एका सकाळी भाकरी थापताना माझं पोट दगडासारखं झालं आणि जुन्या टाक्यांच्या जागी आतून चिरल्यासारखं दुखलं. आत्याबाईंनी तव्यावरची भाकरी तशीच सोडली. टांगा मिळेपर्यंत त्या माझं पोट दोन्ही हातांनी खालून धरून रस्त्यात उभ्या होत्या, शिवण बाहेरून धरता येते असं वाटून.

या वेळी मला पूर्ण झोपवलं. जागी झाले तेव्हा मुलगी झाली होती. लहानशी, पण रडत होती. डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन बसल्या, पहिल्यांदाच बसल्या. म्हणाल्या, मागची भिंत एका जागी कागदासारखी पातळ झाली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या भिंतीने दम सोडला असता. "टाके धरले तुझे," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्यांदा नको." पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून गर्भनळ्या त्यांनी तेव्हाच बांधून टाकल्या होत्या. या वेळी मालकांना विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते.

पुढे चाळिशीनंतर त्रास परत आला, आणि मग मी स्वतः जाऊन पिशवी काढून घेतली. त्याचं मला काही वाटलं नाही.

लेकीला घेऊन बुलढाण्याहून घरी आलो तो दिवस मला चांगला आठवतो. गाडीत गर्दी होती. आत्याबाईंनी पोरीला आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराखाली झाकलं. चिखली येईस्तोवर ती दोनदा रडली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे, गाडी हालून राह्यली. तू आपलं पोट धर." मालक आमच्या शेजारी, वरची दांडी धरून उभे होते.